अभियांत्रिकी ऊष्मागतिकी

अभियांत्रिकी ऊष्मागतिकी ही ऊष्मागतिकी या मूलभूत विज्ञानशाखेची उपयोजित शाखा होय. ऊष्मा व कार्य यांचे परस्पर रूपांतर, त्या रूपांतरावर निसर्गाने घातलेल्या मर्यादा आणि रूपांतर घडवून आणणारी यंत्रे यांचा तीत अभ्यास होतो. औष्णिक वीजकेंद्रे, मोटारींची एंजिने, विमानांची झोत एंजिने, शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, साखर कारखान्यांतील बॉयलर व टर्बाइने यांचा आराखडा या शास्त्राच्या आधारे केला जातो. यांत्रिकी व रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमांत हा विषय साधारणतः दुसऱ्या वर्षी शिकविला जातो व तो अवघड समजला जातो. वस्तुतः यातील नियम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि लागणारे गणितही बेताचेच आहे. खरी अडचण सूत्र आठवण्याची नसते. सीमा कशाभोवती आखायची आणि त्या सीमेतील द्रव्य कोणत्या अवस्थेत आहे, हे ठरविणे अवघड जाते. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की उरलेले काम बहुधा बेरीज-वजाबाकीचे असते.

नाव व परिभाषा

इंग्रजीतील थर्मोडायनॅमिक्स या संज्ञेसाठी मराठीत ऊष्मागतिकी (किंवा उष्मागतिकी) हा शब्द रूढ आहे. त्यातील ‘गतिकी’ हे पद काहीसे दिशाभूल करणारे आहे. या शास्त्राचा मुख्य विषय समतोल अवस्था हा आहे. एखादी प्रक्रिया किती वेगाने घडेल हे ते सांगत नाही. त्यासाठी ऊष्मासंक्रमण ही वेगळी विद्याशाखा आहे.

रोजच्या मराठीत ‘आज फार उष्णता आहे’ असे म्हणताना आपल्याला तापमान अभिप्रेत असते आणि ‘अंगात उष्णता वाढली’ असे म्हणताना शरीरात साठलेली काही वस्तू. शास्त्राला हे दोन्ही अर्थ मान्य नाहीत. तापमानातील फरकामुळे सीमा ओलांडून जाणारी ऊर्जा म्हणजे ऊष्मा. ती जात असते तेवढाच वेळ तिला हे नाव असते. पदार्थात शिरल्यावर ती आंतरिक ऊर्जेत मिसळते व ऊष्मा म्हणून वेगळी राहत नाही. कार्याचेही तसेच आहे. म्हणून ‘या वाफेत किती ऊष्मा आहे?’ हा प्रश्न शास्त्रदृष्ट्या निरर्थक ठरतो. पहिल्या काही तासिकांत हा भेद मनावर ठसला नाही, तर पुढे प्रत्येक प्रकरणात विद्यार्थी अडखळतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या विषयात यंत्र आधी आले आणि शास्त्र मागाहून. खाणींतील पाणी उपसण्यासाठी टॉमस न्यूकमेन यांनी इ.स. १७१२ मध्ये वाफेचे एंजिन उभारले. जेम्स वॉट यांनी १७६९ मध्ये स्वतंत्र संघनकाचे (कंडेन्सरचे) एकस्व घेतले व कोळशाचा खप बराच कमी केला. एंजिनाला कोळसा किती कमी पुरवता येईल, या कमी करण्याला अंत आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा कारखानदारांच्या दृष्टीने पैशाचा होता. फ्रान्समधील तरुण अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये त्याचे उत्तर एका छोट्या पुस्तकात दिले. अंत आहे, आणि तो यंत्राच्या बनावटीवर किंवा कार्यकारी द्रव्यावर अवलंबून नसून ज्या दोन तापमानांमध्ये यंत्र चालते त्यांवरच अवलंबून आहे, असे त्यांनी दाखविले. ऊष्मा हा न नासणारा द्रव आहे, ही त्या काळची चुकीची कल्पना कार्नो यांच्या विवेचनात होती; तरीही निष्कर्ष बरोबर निघाला. त्यांच्या हयातीत पुस्तकाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही आणि १८३२ मध्ये पटकीच्या साथीत त्यांचे निधन झाले. १८३४ मध्ये क्लापेरॉन यांनी तोच विचार दाब-घनफळ आलेखाच्या साहाय्याने मांडला.

१८४० च्या दशकात जेम्स जूल यांनी कार्य व ऊष्मा यांचे प्रमाण प्रयोगाने निश्चित केले. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमापनाची कल्पना मांडली. रुडोल्फ क्लाउझिउस यांनी १८५० मध्ये दोन्ही नियम परस्परांशी सुसंगत करून मांडले व १८६५ मध्ये ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिले. ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम रँकिन यांनी १८५९ मध्ये वाफेच्या एंजिनावरील ग्रंथ लिहून हे शास्त्र अभियंत्यांच्या हाती दिले. रिखार्ट मोलिअर यांनी १९०४ मध्ये एन्थॅल्पी व एन्ट्रॉपी हे अक्ष घेऊन काढलेला आलेख आजही वाफेच्या कोष्टकांच्या पुस्तिकेत मागील बाजूस घडी घालून जोडलेला आढळतो.

प्रणाली आणि सीमा

अभ्यासासाठी निवडलेला द्रव्याचा किंवा अवकाशाचा भाग म्हणजे प्रणाली, तिच्याबाहेरील सर्व म्हणजे परिसर आणि दोहोंना अलग करणारे पृष्ठ म्हणजे सीमा. सीमा प्रत्यक्ष असू शकते (सिलिंडरची भिंत) किंवा काल्पनिक (नळीच्या तोंडाशी कल्पिलेला छेद). सीमेतून द्रव्य येत-जात नसेल तर प्रणाली बंद. येत-जात असेल तर खुली. खुल्या प्रणालीच्या सीमेने वेढलेल्या अवकाशाला नियंत्रण घनफळ म्हणतात.

सीमा बदलली की तोच प्रश्न वेगळा होतो. बंद खोलीत चालू शीतकपाटाचे दार उघडे ठेवले तर खोली थंड होईल की गरम, हा जुना प्रश्न प्रसिद्ध आहे. सीमा शीतकपाटाच्या आतल्या कप्प्याभोवती आखली तर ऊष्मा बाहेर जाताना दिसते व उत्तर ‘थंड’ असे वाटते. सीमा संपूर्ण खोलीभोवती आखली तर भिंतीतून आत येणारी विजेची तार तेवढी सीमा ओलांडते. तारेतून सरासरी २०० वॉट शक्ती येत असेल, तर खोलीची ऊर्जा दर सेकंदाला २०० जुलांनी वाढत जाते. खोली गरम होते. यासाठी शीतकपाटाच्या अंतर्रचनेविषयी काहीही जाणून घ्यावे लागत नाही.

याहून बोधप्रद उदाहरण रिकामी टाकी भरण्याचे आहे. निर्वात केलेली, ऊष्मारोधक वेष्टन असलेली एक टाकी हवेच्या मोठ्या नळाला झडपेने जोडली आहे. नळातील हवेचे तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन आहे. झडप उघडली, दाब सारखा झाल्यावर बंद केली. टाकीतील हवेचे तापमान किती? बहुतेक विद्यार्थी २७ अंश हेच उत्तर देतात. काहींना हवा प्रसरण पावून थंड झाली असेल असे वाटते. टाकी हे नियंत्रण घनफळ मानल्यास ऊष्मा शून्य, कार्य शून्य, आणि आत येणारी हवा आपल्याबरोबर आंतरिक ऊर्जा आणते, शिवाय मागील हवेने तिला आत ढकलताना केलेले कार्यही आणते. या दोहोंची बेरीज म्हणजेच एन्थॅल्पी. आत आल्यावर ढकलण्याचा प्रश्न उरत नाही. सर्व काही आंतरिक ऊर्जा होते. त्यामुळे अंतिम निरपेक्ष तापमान हे मूळ तापमानाच्या १.४ पट (हवेच्या दोन विशिष्ट ऊष्मांच्या गुणोत्तराइतके) भरते : ४२० केल्व्हिन, म्हणजे १४७ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात टाकीची भिंत बरीच ऊष्मा शोषून घेते, त्यामुळे तापमान इतके चढत नाही. पण वाहनातील सीएनजी टाकी वेगाने भरताना गरम होते आणि दाब पुरेसा दिसूनही तीत अपेक्षेपेक्षा कमी वायू बसतो, त्यामागे हेच कारण आहे. एन्थॅल्पी ही राशी मुळात कशासाठी निर्माण केली, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्या पाठ करून होत नाही.

तिसरे उदाहरण मुक्त प्रसरणाचे. ऊष्मारोधक पेटीच्या एका भागात आदर्श वायू, दुसऱ्या भागात निर्वात पोकळी. मधला पडदा फाडला. घनफळ दुप्पट झाले म्हणून विद्यार्थी दाब व घनफळ यांचे संकलन करून कार्य काढू लागतो. परंतु वायूने ढकलावे असे समोर काहीच नव्हते. पेटीच्या सीमेबाहेर काहीही हलले नाही. कार्य शून्य, ऊष्मा शून्य आणि तापमानही तेच. संकलनाचे सूत्र केवळ अतिमंद, प्रत्येक क्षणी समतोलात असलेल्या प्रक्रियेलाच लागू पडते. सूत्राची ही अट सूत्राइतकीच लक्षात ठेवावी लागते.

अवस्था आणि वाफेची कोष्टके

प्रणालीच्या सर्व गुणधर्मांच्या मूल्यांनी मिळून तिची अवस्था ठरते. शुद्ध व साध्या पदार्थाच्या बाबतीत दोन स्वतंत्र गुणधर्म ठाऊक असले की उरलेले सर्व निश्चित होतात. यातील ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे दुर्लक्ष होते. पाणी व वाफ एकत्र असताना दाब आणि तापमान परस्परांना बांधलेले असतात. १ बार दाबाला ९९.६ अंश, १० बारला १७९.९ अंश, ४० बारला २५०.४ अंश. अशा वेळी दाब व तापमान दोन्ही दिले तरी माहिती एकच दिल्यासारखी होते. मिश्रणात वाफेचा भाग किती, म्हणजेच शुष्कता अंश किती, हे वेगळे सांगावे लागते.

पाण्याचे व वाफेचे गुणधर्म एका सोप्या सूत्रात बसत नाहीत, म्हणून ते कोष्टकांत देतात. फ्रान्समध्ये आंरी व्हिक्तॉर रेन्यो यांनी १८४० च्या दशकात केलेली मोजमापे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. पुढे निरनिराळ्या देशांची कोष्टके एकमेकांशी जुळेनाशी झाली, तेव्हा १९२९ मध्ये लंडन येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आज उद्योगधंद्यांत १९९७ मध्ये स्वीकारलेली सूत्रावली वापरली जाते आणि संगणक किंवा भ्रमणध्वनीवरही ही मूल्ये क्षणात मिळतात. तरीही परीक्षेच्या दालनात छापील पुस्तिकाच चालते, आणि दोन ओळींमधील मूल्य प्रमाणाने काढण्याची सवय अंगवळणी पडल्याने आकड्यांचा अंदाज येतो हा तिचा फायदाच आहे.

वाफेला आदर्श वायूचे समीकरण लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो कोठे क्षम्य व कोठे घातक हे आकडेच सांगतात. ०.१ बार दाबाच्या संपृक्त वाफेचे विशिष्ट घनफळ कोष्टकात १४.६७ घनमीटर प्रति किलोग्रॅम आहे. आदर्श वायू मानून ते १४.७२ येते. फरक नगण्य. ४० बार व ४०० अंशांच्या अतितप्त वाफेत ही चूक सुमारे ६ टक्के होते. ४० बार दाबाच्या संपृक्त वाफेत कोष्टक ०.०४९८ दाखविते व आदर्श वायूचे समीकरण ०.०६०४, म्हणजे चूक २१ टक्के. या आकड्यावरून नळ्यांचा व्यास ठरविणाऱ्या अभियंत्याचा आराखडा फसेल.

पहिला नियम

ऊर्जा निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, हा पहिल्या नियमाचा आशय आहे. बंद प्रणालीला दिलेल्या ऊष्मेतून तिने केलेले कार्य वजा केले की तिच्या ऊर्जेतील वाढ मिळते. चिन्हांच्या बाबतीत मात्र एक पारंपरिक घोळ आहे. अभियांत्रिकीत व भौतिकशास्त्रात प्रणालीने केलेले कार्य धन मानण्याची प्रथा आहे. रसायनशास्त्रात प्रणालीवर केलेले कार्य धन मानतात. उच्च माध्यमिक स्तरावर एकच विद्यार्थी एकाच वर्षात हे दोन्ही संकेत शिकतो, आणि दोन पुस्तकांतील समीकरणांत चिन्ह उलटे का, हे त्याला सांगितलेच जाते असे नाही. कोणताही संकेत चालतो. उत्तराच्या सुरुवातीला तो लिहून ठेवावा आणि मध्येच बदलू नये, इतकेच पुरे.

टर्बाइन, पंप, बॉयलर, संघनक ही यंत्रे स्थिर प्रवाहाची मानतात, म्हणजे त्यांच्यातील कोणत्याही ठिकाणची स्थिती काळानुसार बदलत नाही. तेथे नियमाचे रूप फार सुटसुटीत होते. ऊष्मारोधक टर्बाइनाचे कार्य म्हणजे आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या वाफेच्या एन्थॅल्पीतील फरक. बॉयलरमध्ये दिलेली ऊष्मा म्हणजेही तोच फरक. वेग व उंची यांतील बदल बहुधा सोडून देता येतात. नोझलमध्ये मात्र वेग वाढविणे हाच उद्देश असल्याने तेथे वेग सोडला तर प्रश्नच शिल्लक राहत नाही.

दुसरा नियम

पहिल्या नियमाच्या दृष्टीने चहाच्या पेल्यातील ऊष्मा खोलीतून परत पेल्यात यायला हरकत नसते. तसे कधीच घडत नाही, हे दुसरा नियम सांगतो. थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे ऊष्मा आपोआप जात नाही, हे क्लाउझिउस यांचे विधान. एकाच ऊष्मास्रोताकडून ऊष्मा घेऊन तिचे पूर्णपणे कार्यात रूपांतर करणारे, चक्राकार चालणारे एंजिन अशक्य आहे, हे केल्व्हिन व प्लांक यांचे. दोन्ही विधाने एकच आहेत हे सिद्ध करता येते. एन्ट्रॉपी ही या नियमाला अंकरूप देणारी राशी होय. ऊष्मारोधक यंत्रातून स्थिर प्रवाहाने जाणाऱ्या द्रव्याची एन्ट्रॉपी घर्षणरहित आदर्श प्रक्रियेत तेवढीच राहते व वास्तव प्रक्रियेत वाढते. ती कधीही कमी होत नाही.

एन्ट्रॉपी म्हणजे ‘अव्यवस्था’ असे लोकप्रिय पुस्तकांत सांगतात. अभियांत्रिकीतील प्रश्न सोडविताना या उपमेचा उपयोग फारसा होत नाही. एन्ट्रॉपी किती वाढली यावरून हाती येऊ शकणारे किती कार्य वाया गेले हे काढता येते, ही समज अधिक कामाची आहे.

उदाहरण : वाफेवरील वीजनिर्मिती

औष्णिक वीजकेंद्राचा पाया असलेल्या रँकिन चक्राचे एक साधे उदाहरण घेऊ. बॉयलरमधून ४० बार दाबाची, ४०० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ टर्बाइनात येते आणि ०.१ बार दाबाच्या संघनकात सोडली जाते. तेथे तिचे पाणी होते व पंप ते पाणी परत बॉयलरमध्ये ढकलतो. पुढील सर्व ऊर्जा-मूल्ये किलोजूल प्रति किलोग्रॅममध्ये आहेत. कोष्टकाच्या आवृत्तीनुसार शेवटच्या अंकात थोडा फरक पडू शकतो.

टर्बाइनाच्या तोंडाशी दाब व तापमान ठाऊक आहे. कोष्टकातून एन्थॅल्पी ३२१४ व एन्ट्रॉपी ६.७७ मिळते. बाहेर पडताना केवळ दाब ठाऊक आहे. दुसरा गुणधर्म कोठून आणावा? येथेच पुष्कळ विद्यार्थी थांबतात. उत्तर प्रक्रियेत दडलेले आहे. टर्बाइन आदर्श मानल्यास एन्ट्रॉपी बदलत नाही, आणि हाच दुसरा गुणधर्म. ०.१ बार दाबाला संपृक्त पाण्याची एन्ट्रॉपी ०.६५ व संपृक्त वाफेची ८.१५ असल्याने ६.७७ हे मूल्य मध्ये कोठेतरी पडते. शुष्कता अंश ०.८१६ व त्यावरून एन्थॅल्पी २१४४. म्हणून टर्बाइनाचे कार्य १०७०. संघनकातून निघणाऱ्या पाण्याची एन्थॅल्पी १९२. पंपाला लागणारे कार्य अवघे ४. बॉयलरमध्ये द्यावी लागणारी ऊष्मा ३२१४ वजा १९६, म्हणजे ३०१८. निव्वळ कार्य १०६६ व कार्यक्षमता ३५.३ टक्के.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. पंपाचे कार्य टर्बाइनाच्या कार्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, कारण पाण्याचे घनफळ वाफेच्या मानाने क्षुल्लक असते. वायू-टर्बाइनात हवा दाबणारा संपीडक टर्बाइनाचे जवळजवळ निम्मे कार्य खाऊन टाकतो. वाफेचा संसार इतका स्वस्त का चालतो, याचे एक कारण या ४ च्या आकड्यात आहे. याच दोन टोकांच्या तापमानांत (६७३ व ३१९ केल्व्हिन) कार्नो मर्यादा ५२.६ टक्के येते. रँकिन चक्र तेथपर्यंत पोहोचत नाही, कारण ऊष्मेचा मोठा भाग ४०० अंशांना नव्हे तर त्याहून बऱ्याच कमी तापमानाला आत येतो.

शुष्कता अंश ०.८१६ म्हणजे वाफेच्या शंभर भागांत अठरा भाग पाण्याचे थेंब. हे थेंब शेवटच्या ओळीतील पाती झिजवतात, म्हणून प्रत्यक्षात हा अंश ०.८८ च्या खाली जाऊ देत नाहीत. टर्बाइनाची समएन्ट्रॉपी कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास कार्य ९०९ वर येते, बाहेरची एन्थॅल्पी २३०५ व शुष्कता अंश ०.८८३ होतो आणि चक्राची कार्यक्षमता ३०.० टक्के उरते. घर्षणाने कार्य घटले, पण वाफ कोरडी झाली! दाब वाढवायचा तर वाफ मध्येच बाहेर काढून पुन्हा तापविण्याची योजना मोठ्या केंद्रांत का करतात, ते यावरून समजते.

असे १० मेगावॉटचे केंद्र चालविण्यास सेकंदाला ११ किलोग्रॅम, म्हणजे ताशी सुमारे ४० टन वाफ लागेल. संघनकात दर किलोग्रॅममागे २११३ किलोजूल ऊष्मा टाकून द्यावी लागते. थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढू द्यायचे ठरविल्यास त्याचा प्रवाह सेकंदाला सुमारे ५६० लिटर हवा. एवढ्या लहानशा केंद्राची ही गरज पाहिली की औष्णिक केंद्रे नदी, धरण किंवा समुद्र यांच्याजवळ का असतात आणि कडक उन्हाळ्यात पाणी आटल्यावर संच बंद ठेवण्याची वेळ का येते, याचा उलगडा होतो.

सहवीजनिर्मिती

महाराष्ट्रातील साखर कारखाने हा या विषयाचा घरचाच पाठ आहे. उसाचा रस तापविण्यासाठी व आटविण्यासाठी कारखान्याला साधारण १२५ ते १३० अंशांची पुष्कळ ऊष्मा लागते आणि उसाचा चोथा (बगॅस) हे इंधन जागेवरच मिळते. वरीलच वाफ (४० बार, ४०० अंश) घेऊन ती संघनकाऐवजी २.५ बार दाबाला टर्बाइनातून बाहेर काढली, तर ८५ टक्के कार्यक्षमतेच्या टर्बाइनातून ५१९ किलोजूल कार्य मिळते. बाहेर पडणाऱ्या वाफेची एन्थॅल्पी २६९५ असते व तिचे पाणी होईपर्यंत ती रसाला २१६० किलोजूल ऊष्मा देते. केवळ विजेचा विचार केल्यास ९०९ ऐवजी ५१९, म्हणजे हे चक्र निकृष्ट दिसते; परंतु आधीच्या चक्रात पाण्यात टाकून दिलेले २११३ किलोजूल येथे वायाच गेलेले नाहीत. सीमा टर्बाइनाभोवती आखायची की सगळ्या कारखान्याभोवती, यावर निर्णय फिरतो.

तीच वाफ टर्बाइनात न नेता दाब कमी करणाऱ्या झडपेतून २.५ बारवर आणली तर? झडपेत ऊष्मा किंवा कार्य काहीच सीमा ओलांडत नाही; एन्थॅल्पी ३२१४ च राहते व तापमान सुमारे ३७० अंश उरते. पहिल्या नियमाच्या जमाखर्चात एक पैही हरवलेली नाही. मात्र मिळू शकणारे ५१९ किलोजूल कार्य कायमचे गेले. हे नुकसान फक्त एन्ट्रॉपीच्या वहीत दिसते. दुसरा नियम व्यवहारात कशासाठी शिकायचा, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर शोधूनही सापडणे कठीण आहे.

बॉयलरची सुरक्षितता

बॉयलरमधील धोका वाफेचा, पाणी निरुपद्रवी, असा समज आढळतो. १० बार दाबाला संपृक्त अवस्थेतील पाण्याचे तापमान १८० अंश व एन्थॅल्पी ७६३ असते. बॉयलर फुटून दाब अचानक १ बारवर आला तर त्या दाबाला पाणी केवळ ४१७ एवढी एन्थॅल्पी बाळगू शकते. उरलेल्या ऊर्जेने काही पाण्याची वाफ होते. स्थूल गणिताने हे प्रमाण १५ टक्के येते. एक किलोग्रॅम पाणी आधी १.१३ लिटर जागा व्यापत होते. आता त्यातील वाफच सुमारे २६० लिटर जागा मागते. घनफळातील ही सुमारे २३० पट वाढ क्षणार्धात होते, आणि तीच भिंती उडविते. बॉयलरची दाबचाचणी वाफेने न करता थंड पाण्याने करण्याची पद्धत यावरूनच समजते. त्या पाण्यात फुटून वाफ होण्याजोगी ऊर्जा नसते, म्हणून टाकी तडकली तरी स्फोट होत नाही. भारतात बॉयलरची नोंदणी व तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. मूळ कायदा १९२३ सालचा होता.

नेहमी आढळणाऱ्या चुका

दाबमापकावरील दाब व निरपेक्ष दाब यांची गल्लत ही सर्वांत सामान्य चूक. दाबमापक वातावरणाच्या वरचा दाब दाखवितो. कोष्टकात निरपेक्ष दाब असतो. घरातील प्रेशर कुकरमध्ये वातावरणापेक्षा साधारण १ बार अधिक दाब असतो, म्हणजे निरपेक्ष दाब २ बार, व पाणी १२० अंशांना उकळते. हाच १ बार थेट कोष्टकात शोधला तर ९९.६ अंश मिळतील आणि कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते हे कोडेच राहील.

कार्नो कार्यक्षमतेत सेल्सिअस तापमाने घालणे ही दुसरी. वरील उदाहरणात ४०० व ४६ हे आकडे तसेच वापरले तर उत्तर ८८ टक्के येते, आणि ते पाहून विद्यार्थ्याला शंकाही येत नाही. बंद प्रणालीत आंतरिक ऊर्जेऐवजी एन्थॅल्पी वापरणे किंवा याच्या उलट करणे, आणि वास्तव टर्बाइनासाठी एन्ट्रॉपी स्थिर धरणे, याही नित्याच्या चुका होत.

अनुभवी शिक्षक म्हणूनच आकडेमोडीआधी आकृती काढायला लावतात. तीत सीमा तुटक रेषेने दाखवावी, येणारे-जाणारे प्रवाह बाणांनी दाखवावेत आणि प्रत्येक अवस्थेला क्रमांक द्यावा. त्यानंतर तापमान-एन्ट्रॉपी आलेखावर त्या अवस्था ठेवाव्यात. आलेखाचे प्रमाण चुकले तरी चालते, पण बिंदू संपृक्ततेच्या घुमटाच्या आत आहे की बाहेर, हे चुकून चालत नाही. गृहीते लिहिण्याचा कंटाळा केला जातो. पण टर्बाइन ऊष्मारोधक मानले आहे की नाही, यावर पुढचे सगळे उत्तर उभे असते.

पाठ्यपुस्तके व माध्यम

अमेरिकेतील जोसेफ कीनन यांच्या १९४१ मधील ग्रंथाने अभियांत्रिकी ऊष्मागतिकीच्या अध्यापनाला तर्कशुद्ध वळण दिले. सध्या चेंजेल व बोल्स आणि मोरान व शापिरो यांची इंग्रजी पुस्तके जगभर वापरात आहेत. भारतात पी. के. नाग यांचे पुस्तक दीर्घकाळ लोकप्रिय असून खुर्मी यांची वाफेची कोष्टके असंख्य विद्यार्थ्यांच्या दप्तरात असतात. नाग यांच्या पुस्तकात सिद्धान्ताची मांडणी आटोपशीर आहे, चेंजेल-बोल्स यांच्यात आकृत्या व व्यवहारातील दाखले भरपूर आहेत; स्वतः अभ्यास करणाऱ्याला दुसरे पुस्तक अधिक सोयीचे पडते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण देण्यास मुभा दिली असून त्यांत मराठीचा समावेश आहे. मराठी परिभाषा तयार आहे, पण ती एकसारखी नाही. संघनक व कंडेन्सर, बाष्पित्र व बॉयलर, झोतयंत्र व टर्बाइन असे जोडशब्द शेजारी शेजारी नांदतात. कारखान्यातील फिटर बॉयलर व टर्बाइन हेच शब्द वापरतो, त्यामुळे यंत्रांची नावे रूढ ठेवून संकल्पनांसाठी अवस्था, सीमा, कार्य, शुष्कता अंश यांसारखे मराठी शब्द वापरणे अनेक लेखकांनी पसंत केले आहे.